सुतकातला निरोप

आमच्या नातीला पहिलीत घातलं ते साल दोन हजार आठ. जून सरत आला होता. नात शाळेत गेलेली, माझा मुलगा शिवाजी बियाण्याच्या कंपनीत कामावर, आणि जालन्यातल्या आमच्या दोन खोल्यांत मी आणि माझी सून बेबीनंदा, अशा दोघीच होतो. मी दाराशी बसून गवारीच्या शेंगा मोडत होते. आतल्या खोलीत बेबीची बोटं कॉम्प्युटरवर चालली होती. त्या आवाजाची मला इतकी सवय झालेली की तो चालू असला की ऐकू येत नसे, थांबला की ऐकू येई. तसा तो थांबला. शब्द अर्धा टाकून थांबावा तसा. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. थोड्या वेळानं बेबी म्हणाली, "आत्याबाई, नेनिताच्या लेकीचा निरोप आलाय." दीड वर्षात आमच्या घरात ते नाव कोणी मोठ्यानं घेतलं नव्हतं.

बेबीनं निरोप आधी इंग्रजीत वाचला, मग मला मराठीत सांगितला. मुलीचं नाव लिगाया, वय एकोणीस. आई वादळात गेल्यावर बंद पडलेलं टायपिंगचं काम तिनं गल्लीतल्या सहा बायांना घेऊन पुन्हा उभं केलं होतं. तिला एकच गोष्ट विचारायची होती. वादळाच्या आदल्या दिवशी शेजारणी तिच्या आईला तीनदा बोलवायला आल्या. तिन्ही वेळा आई म्हणाली, माझ्या जोडीदारणीचं, म्हणजे बेबीचं, उत्तर आलं नाही, आमच्या दोघींची कार्डं उरकते आणि येते. लिगाया तेव्हा मावशीकडे दुसऱ्या गावी होती. तिनं लिहिलं होतं, आईनं तुम्हाला त्या दिवसांत काही लिहिलं होतं का? असलं तर मला सांगा. तिनं लिहिलेले शेवटचे शब्द आमच्यापैकी कोणाकडेच नाहीत. हे सांगताना बेबीनं पदरानं डोळे पुसले. मग खुर्ची मागं सारून म्हणाली, "काय लिहू हिला? मला तर एक पण निरोप आल्ता न्हाई. तसंच लिहिते. चहा टाकते, चहा पिऊन लिहिते." आणि ती स्टोव्हकडे गेली. मी शेंगा मोडू लागले. निरोप आला होता. तो मी पाहिला होता. चहा उकळून कपात पडेपर्यंत माझ्याकडे वेळ होता, नंतर बेबी एका पोरक्या मुलीला खोटं लिहिणार होती, आणि ते खरं आहे असं समजून लिहिणार होती.

ते मशीन घरात आलं तेव्हा मला त्याचा रागच आला होता. शिवाजीच्या कंपनीनं जुने कॉम्प्युटर काढून टाकले, त्यातला एक त्यानं आणला आणि देवाच्या फळीखालच्या टेबलावर ठेवला, कारण प्लग तिथंच होता. बेबी अंबडची. लग्नाआधी तिनं तिथं टायपिंगची परीक्षा दिलेली. लग्नानंतर पाच वर्षं ती बोटं पीठ मळण्यापलीकडे कशाला लागली नव्हती. पुण्याच्या एका ऑफिसानं तिला घरबसल्या काम दिलं. अमेरिकेतल्या लोकांनी कपडे धुण्याची, भांडी घासण्याची मशीनं घेतली की ते एक कार्ड भरून पाठवतात. त्या कार्डांची चित्रं पडद्यावर यायची, आणि त्यावरचं नाव, गाव, मशीनचा नंबर बेबीनं टाइप करायचा. आमच्या नळाला आठ दिवसांनी पाणी, आणि आमची सून दिवसभर कुठल्या कुठल्या बायांच्या धुण्याच्या मशीनांची नावं लिहून राह्यली, याचं शेजारच्या जन्नतबीला फार हसू यायचं. काम जोडीचं होतं. एकच कार्ड दोघींनी वेगवेगळं टाइप करायचं, पुण्याचं ऑफिस दोन्ही ताडून बघायचं, जुळलं तर पास. एकीनं केलं आणि दुसरीनं केलंच नाही तर पहिलीची मेहनतही वाया जायची, आणि दोन-चार दिवस असं झालं की जोडी मोडून दुसरी लावायचे. बेबीची जोडी लागली ती नेनिताशी. फिलिपाइन्स नावाच्या देशात, समुद्राजवळ, एका जळत्या डोंगराच्या पायथ्याशी तिचं गाव. आमच्याहून अडीच तास आधी तिथं उजाडायचं.

नेनिताला मी कधी पाहिलं नाही. तिचा आवाजही ऐकला नाही. पडद्याच्या कोपऱ्यात एक लहान खिडकी असायची, त्यात ती लिहायची, बेबी लिहायची, आणि बेबी मला भाकरी थापताना सांगायची. दोघींचं इंग्रजी मोडकंच, म्हणून जमलं असावं. नेनितानं बारा वर्षं परमुलखात लोकांच्या घरी स्वयंपाक केला होता. लोकांची पोरं वाढवली, स्वतःची लेक बहिणीकडे वाढली. परत आली तेव्हा लेकीनं तिला मावशी म्हटलं. त्यानंतर ती पुन्हा गेली नाही. एक जुनं मशीन घेतलं, स्वतः शिकली, मग गल्लीतल्या धुणं धुणाऱ्या, शिवण शिवणाऱ्या, परदेशी जायच्या रांगेत उभ्या असलेल्या दहा बायांना बसवून शिकवलं. तिनं एकदा बेबीला लिहिलं होतं, आता माझं काम समुद्र ओलांडतं, मी ओलांडत नाही. बेबीनं ते मला दोनदा सांगितलं. त्या दिवसापासून बेबीचं चालणं बदललं, असं मला वाटतं. माझा गैरसमजही असेल. पण ती बाजारात जाताना 'जाऊ का' असं विचारायची ते 'जाऊन येते' म्हणू लागली, आणि शिवाजीनं आवाज चढवला तर ती बसल्या जागेवरून उठायची नाही, एवढं मी पाहिलं. मला ते आवडलं आणि आवडलं नाही. आपल्या वाट्याला न आलेली गोष्ट दुसरीच्या अंगावर शोभताना पाहणं सोपं नसतं.

मी अक्षरं शिकले सेहेचाळिसाव्या वर्षी. साक्षरतेचा वर्ग आमच्या गल्लीत भरायचा, दुपारी, पुष्पाबाई नावाच्या मास्तरीण शिकवायच्या. आम्ही बाया पाटीवर 'घर' लिहायचो आणि एकमेकींकडे बघून हसायचो. माझा नवरा, रामराव, लोखंडाच्या मिलमध्ये होता. तो म्हणायचा, आता काय तुळजाबाई कलेक्टर होऊन राह्यल्या. पण मी वाचायला लागले तेव्हा औषधाच्या बाटलीवरचं नाव मला वाचायला लावायचा. तो गेला अठ्ठ्याण्णव साली. नंतर वाचायला घरात काही नव्हतं, दुकानांच्या पाट्या सोडून. मशीन आलं तेव्हा बेबीनं मला इंग्रजी अक्षरं शिकवली. दुपारी जेवण झालं की पाव तास खुर्ची माझी. एका बोटानं मी माझं नाव लिहायची, बेबीचं नाव लिहायची, नेनिताचं नाव लिहायची. पाटीवर अक्षर हातानं ओढावं लागतं, चुकतं, वाकडं होतं. इथं बोट टेकलं की पूर्ण अक्षर उभं. त्या पाव तासाची मी सकाळपासून वाट बघायची, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. म्हातारपणी कसली तरी ओढ लागली आहे हे कळलं की घरातली माणसं हसतात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आम्ही विळी, कात्री, शिवाजीची स्कूटर पूजतो, तशी त्या मशीनचीही पूजा मीच केली. हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. जन्नतबी दारातून बघत होती. म्हणाली, "क्या बाई, डब्बे को बी हल्दी-कुंकू?" मी म्हटलं, ज्यावर पोट चालतं त्याला वाहावं लागतं.

दोन हजार सहाच्या नोव्हेंबरात माझे धाकटे दीर, भुजंगराव, परतूरकडच्या आमच्या गावी वारले. आठ वर्षं आमचं बोलणं नव्हतं. रामरावांच्या दहाव्याला ते आले नव्हते, तेराव्यालाही नाही. भावाचं सुतक त्यांनी पाळलं नाही, दुसऱ्या दिवशी बाजारात कापूस घेऊन गेले, असं मला लोकांनी सांगितलं होतं. आणि म्हणूनच मला त्यांचं सुतक चोख पाळायचं होतं. आम्ही सगळे मातीला गेलो, तिसऱ्या दिवशी राख सावडून जालन्याला परत आलो, आणि आल्या आल्या मी देवावर कापड टाकलं. मशीन देवाखाली, पूजा झालेलं. त्याच्यावरही मी त्याचं आवरण ओढलं आणि बेबीला सांगितलं, दहा दिवस याला हात लावायचा नाही. ती आधी हसली. तिला वाटलं मी गंमत करतेय. मग म्हणाली, "आत्याबाई, नेनिताला नुसतं कळवून येते. चौकातल्या नेट कॅफेत जाऊन दोन ओळी लिहिते. आपल्या मशीनला हात लावत न्हाई."

"सुतकातली बाई कॅफेत जाऊन बसती म्हणून भावकीत नाव होईल. बस घरी."

"तिचं काम अडून राहील. तिला काय माहीत इथं काय झालं?"

"दहा दिवसांनी सांग. तवर काय आभाळ कोसळून राह्यलंय का?"

शिवाजी मध्ये पडला नाही. बेबीनं दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं. नेनिताचा फोन नंबर आमच्याकडे नव्हता, त्यांचं सगळं बोलणं त्या खिडकीतच होतं. पुण्याला कळवलं असतं तर त्यांनी जोडी मोडली असती, म्हणून बेबीनं तेही केलं नाही. जन्नतबी भिंतीवरून म्हणाली, "मरे सो तुमारे देवर, सूतक मशीन को कायकू?" तिनं हे म्हटलं नसतं तर मी कदाचित पाचव्या दिवशी ढिली पडले असते. पण शेजारणीनं हसल्यावर माणूस आपली चूकसुद्धा धरून ठेवतो.

सातवा दिवस, बुधवार, एकोणतीस नोव्हेंबर. बेबी नातीला घेऊन दवाखान्यात गेली होती, नातीला ताप होता. दुपारची वेळ. जेवण झालेलं. माझा पाव तास. मी आतल्या खोलीत गेले ती काही ठरवून गेले नाही. आवरणावर हात ठेवला. कापड गार होतं. सहा दिवस मी एक अक्षर लिहिलं नव्हतं, आणि माझ्या बोटाला तहान लागते तसं झालं होतं. मला वाटलं, नुसतं नाव लिहीन आणि बंद करीन. देवावर कापड आहे, देव बघत नाही. मी बटण दाबलं. पंखा घरघरला, पडदा उजळला, आणि नाव लिहायच्या आधीच कोपऱ्यातली खिडकी आपोआप उघडली. टिंग टिंग असा आवाज होत राहिला. एकाखाली एक ओळी येत गेल्या, दिवसांचे निरोप साचून राहिलेले. मी वाचू लागले. मला अक्षरं सगळी येत होती, शब्द थोडे. बेबी, हा शब्द मला येत होता, तो प्रत्येक ओळीत होता. कुठं, तो येत होता. कार्डं. शाळा, तो रिक्षांवर लिहिलेला असतो. शेवटी शेवटी प्रश्नाचं चिन्ह, एक, दोन, तीन. ती बेबीला हाका मारत होती, एवढं मला कळलं. जास्त कळायची गरजही नव्हती. मी कॅलेंडरचा जुना कागद घेतला आणि शेवटच्या ओळी पेन्सिलीनं उतरवल्या, चित्र काढावं तशा. का उतरवल्या ते मला सांगता येत नाही. बेबीला द्यायच्या असं मनात असेल. मग दारात रिक्षा थांबल्यासारखं वाटलं आणि मी हाताला येईल ते बटण दाबून सगळं बंद केलं. आवरण ओढलं. रिक्षा जन्नतबीकडे आली होती.

बेबी अर्ध्या तासानं आली. नात तिच्या खांद्यावर झोपलेली. मी पाणी दिलं. कागद माझ्या पोलक्यात होता. सांगायचं तर आधी हे सांगावं लागलं असतं की सुतकात मशीनला हात लावला तो मी. जिला मी चार दिवस अडवलं, कॅफेत जाऊ दिलं नाही, तिच्यासमोर. मी मनात म्हटलं, तीन दिवसांनी दहावं आहे. तेव्हा तीच मशीन लावील, तीच वाचील. मला हे माहीत नव्हतं की एकदा दाखवलेला निरोप ते मशीन पुन्हा दाखवत नाही. दहाव्यानंतर बेबी मशीनसमोर बसली तेव्हा खिडकी कोरी होती. आणि तिची स्वतःची कार्डं, त्या सगळ्या दिवसांची, झालेली होती. उन्हाळ्यात दोन दिवस लाइट गेली होती तेव्हा बेबीनं नेनिताला आपला पासवर्ड दिला होता. तोच वापरून नेनितानं दोघींचं काम एकटीनं केलं होतं, आधी आपलं, मग बेबीचं, एकोणतीस तारखेपर्यंत. बेबीची जोडी मोडू नये म्हणून. तीस तारखेला काहीच नव्हतं. पुण्याच्या ऑफिसनं सांगितलं, तिकडं वादळ झालं, डोंगरावरचा चिखल खाली आला, गावं गेली. नावं कळायला तीन आठवडे लागले. बेबी रडली, जेवली नाही. मी तिला समजावलं. नैसर्गिक गोष्ट आहे, कोणाच्या हातातली नाही, असं मीच तिला म्हटलं, तिच्या पाठीवरून हात फिरवत.

त्यानंतर मी त्या कागदाचा अर्थ लावला. बेबीचा अंबडचा इंग्रजी-मराठी शब्दकोश होता. ती बाजारात गेली की मी एक शब्द काढायची. काही अक्षरं मी उलटी उतरवली होती, ते शब्द सापडत नसत, मग दुसरं अक्षर लावून बघायची. एका शब्दाला कधी आठवडा लागायचा. वादळ, हा शब्द मला संक्रांतीच्या सुमारास सापडला. उरकणे, तो होळीनंतर. सगळं मिळून असं होतं: बेबी, तू कुठं आहेस? तुझ्या घरी काही झालं का? तुझी कार्डं मी करतेय, काळजी करू नकोस. मोठं वादळ येतंय, सगळे वरच्या शाळेत जाताहेत. मी आपली कार्डं उरकते आणि जाते. एक शब्द तरी लिही. म्हणजे त्या दुपारी आमच्याकडून एक शब्द गेला असता, काम राहू दे, जा, एवढा, तर ती उठली असती. किंवा उठली नसती. हे मी रोज दोन्ही बाजूंनी करून बघते. बेबी दवाखान्यातून येते, मी कागद देते, ती आवरण फेकून बसते, लिहिते. तिकडं एक बाई उठते, लुगडं सावरते. त्या बाया लुगडं नेसत नाहीत हे मला माहीत आहे, पण मला ती लुगड्यातच दिसते. ती दारापर्यंत येते. तिथून पुढं मला तिला नेता येत नाही.

आठ दिवसांनी नळ येतो तेव्हा पहिलं पाणी गढूळ असतं. ते मी भरत नाही, वाहू देते. बेबी म्हणते, आत्याबाई, ते पण कामाला येतं, भांड्याला होतं. मी हात लावत नाही. आणि दुपारी बेबी मशीनवर बसली की मला दोन जणींच्या बोटांचा आवाज येतो. पहिला बेबीचा, भरभर. ती थांबली की तिच्यामागून दुसरा, तेच शब्द पुन्हा, जरा सावकाश, उरकत आल्यासारखा. बेबीची नवी जोडी नागपूरची कोणी मुलगी आहे, तिचा आवाज मला कधी येत नाही. खुर्चीवरचा माझा पाव तास मी तेव्हाच सोडला. डोळे दुखतात असं सांगितलं. बेबीनं मला डॉक्टरकडे नेऊन चष्मा करून आणला, तो मी घालते, आणि त्यातून मला सगळं स्वच्छ दिसतं.

चहा झाला. बेबीनं कप माझ्यासमोर ठेवला, स्वतःचा घेऊन आत गेली. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग बोटं चालू झाली. मी उठले. गुडघे धरून उठावं लागतं. तिच्या मागं जाऊन उभी राहिले. पडद्यावर तिनं लिहिलं होतं, आणि ते मला वाचता येत होतं. प्रिय लिगाया. तुझ्या आईचा मला त्या दिवसांत. पुढं तिचं बोट चाललं होतं.

"बेबी, थांब," मी म्हटलं. "निरोप आल्ता."

तिनं मान वळवली नाही. "कुणाचा?"

"तिचा. सातव्या दिवशी. तू पोरीला घेऊन दवाखान्यात गेल्ती. मी मशीन लावलं, मला माझं नाव लिहायचं होतं. मी वाचला. वाचून बंद केलं."

मी सगळं सांगितलं. उभ्यानंच सांगितलं. कागद काढून टेबलावर ठेवला. तिनं तो बराच वेळ वाचला. एवढ्या ओळींना इतका वेळ लागत नाही, तिला तर मुळीच नाही. चहावर साय धरली. मला वाटलं ती ओरडेल. जन्नतबीला ऐकू जाईल असं ओरडावं असंही मला वाटलं.

ती म्हणाली, "मला कॅफेत बी जाऊ दिलं न्हाई तुम्ही."

"न्हाई दिलं."

"आन् मंग दीड वर्ष माझ्या पाठीवरून हात फिरवला."

ती खुर्चीवरून उठली. तिनं लिहिलेलं सगळं पुसून टाकलं आणि बाजूला झाली. "बसा. तुम्हीच लिहा. शब्द अडला तर सांगते, पण लिहायचं तुम्ही."

दीड वर्षानं मी त्या खुर्चीवर बसले. एक अक्षर दोनदा उठत होतं, ते पुसून मी पुन्हा लिहीत होते. मी आधी कागदावरच्या ओळी लिहिल्या, नेनिताच्या, आता नीट, उलटी अक्षरं सरळ करून. मग माझं. निरोप मी पाहिला. मी सुनेला सांगितलं नाही. तिला माहीत नव्हतं. मी तिची सासू, तुळजाबाई. 'लपवणे' याला काय म्हणतात ते मी बेबीला विचारलं. तिनं भिंतीकडे बघत एकेक अक्षर सांगितलं. नात शाळेतून आली, दप्तर टाकून दारात उभी राहिली, आजी टाइप करते हे बघत. कोणी तिला खायला दिलं नाही. संध्याकाळपर्यंत सहा ओळी झाल्या. पाठवायचं बटण कुठलं ते मला माहीत होतं.

बेबीनं मला टाकून दिलं नाही. ताटात वाढते, चष्मा पुसून देते. पण आत्याबाई म्हणत नाही. काही सांगायचं असेल तर नातीला सांगते, आजीला सांग. लिगायाचं उत्तर चौथ्या दिवशी आलं. टिंग वाजलं ते मी ऐकलं. बेबीनं वाचलं आणि खिडकी बंद केली. तिनं ते मला वाचून दाखवलं नाही. मलाही वाचता येतं, पण मी मागितलं नाही.

नेनिता गुरुवारी, तीस नोव्हेंबर दोन हजार सहाला, दुपारी, आपल्या घरात चिखलाखाली सापडून वारली. तिचं वय बेचाळीस होतं.